लेखनातील भाषिक खुणा आणि स्मृतिभ्रंशाचे प्रकारनिदान : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

स्मृतिभ्रंश हा एकच रोग नसून अनेक मेंदूविकारांचे समान लक्षण आहे. त्यांपैकी प्रत्येक विकार भाषेला वेगळ्या ठिकाणी बाधा आणतो. त्यामुळे रुग्णाच्या लेखनातील बदलांवरून विकाराचा प्रकार ओळखण्यास साहाय्य होऊ शकते, असे गेल्या तीन दशकांतील संशोधनातून पुढे आले आहे. प्रस्तुत लेखात या संशोधनाचा परिचय करून देऊन मराठी भाषा, देवनागरी लिपी आणि यवतमाळ जिल्ह्याची बहुभाषिक स्थिती यांच्या संदर्भात त्याच्या उपयोगाचा व मर्यादांचा विचार केला आहे. व्यक्तीच्या लेखनाची तुलना प्रमाणभाषेशी न करता तिच्याच पूर्वीच्या लेखनाशी करणे हाच या पद्धतीचा विश्वसनीय पाया ठरतो, हा या लेखाचा मुख्य प्रतिपाद्य विषय आहे.

बीजसंज्ञा : स्मृतिभ्रंश, अल्झायमर, शब्दवैविध्य, विचारघनता, वऱ्हाडी बोली, शुद्धलेखन, यवतमाळ.

प्रस्तावना

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण मराठी समाजात इतकी रुळलेली आहे की वृद्ध व्यक्ती विसरू लागली, तेच ते विचारू लागली किंवा हिशेबात चुकू लागली तर घरातील माणसे त्याला ‘म्हातारचळ’ म्हणून मोकळी होतात. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने मात्र वार्धक्य आणि स्मृतिभ्रंश या दोन भिन्न गोष्टी आहेत. वय वाढल्याने विचाराचा वेग मंदावतो, नावे चटकन आठवत नाहीत. परंतु भाषा, विवेक आणि दैनंदिन व्यवहार शाबूत राहतात. या भेदाचे उदाहरण यवतमाळ जिल्ह्यातच आहे. वणी येथे १८८० साली जन्मलेल्या लोकनायक बापूजी अणे यांनी लोकमान्य टिळकांच्या चरित्रावर ‘तिलकयशोऽर्णवः’ हे विस्तृत संस्कृत महाकाव्य उतारवयात रचले आणि १९७३ साली त्यास मरणोत्तर साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. वार्धक्य म्हणजे बुद्धिनाश नव्हे, याचा याहून स्पष्ट दाखला क्वचितच मिळेल.

दुसऱ्या बाजूस स्मृतिभ्रंशाचे प्रमाण दुर्लक्ष करण्याजोगे राहिलेले नाही. देशव्यापी पाहणीच्या आधारे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतातील साठ वर्षांवरील लोकसंख्येत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख व्यक्ती इतके आहे. स्त्रियांमध्ये आणि ग्रामीण भागात ते अधिक आढळले. यवतमाळसारख्या शेतीप्रधान जिल्ह्याला हा निष्कर्ष लागू पडणारा आहे.

अशा स्थितीत निदान लवकर व्हावे यासाठी कमी खर्चाचे, घरात सहज उपलब्ध असणारे साधन कोणते, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. जुनी पत्रे, रोजनिशी, शेतीच्या खर्चाची वही, भजनांच्या उताऱ्यांची वही, एवढेच काय पण बँकेतील सही हेही असे साधन होऊ शकते. मेंदूतील बदल कागदावर उमटतात. ते कसे वाचावेत आणि वाचताना कोणती सावधगिरी बाळगावी, याचे विवेचन पुढे केले आहे.

प्रकारनिदानाची आवश्यकता

स्मृतिभ्रंशाचा प्रकार ओळखण्याची आवश्यकता केवळ शास्त्रीय कुतूहलापुरती नाही. अल्झायमरमध्ये डोनेपेझिलसारखी औषधे काही काळ उपयोगी पडतात. मेंदूच्या पुढच्या व कानशिलालगतच्या भागांची झीज होणाऱ्या फ्रंटोटेम्पोरल प्रकारात त्यांचा लाभ दिसत नाही. लेवी बॉडी प्रकारात भास होतात म्हणून दिलेली काही मनोविकारविरोधी औषधे रुग्णाला गंभीर अपाय करू शकतात. रक्तवाहिनीजन्य प्रकारात रक्तदाब, मधुमेह आणि तंबाखूसेवन यांवरील नियंत्रण हाच उपचाराचा गाभा असतो. याखेरीज ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडची मंदता, नैराश्य, डोक्याला मार लागून कवटीच्या आत साचलेले रक्त यांमुळेही स्मृतिभ्रंशासारखी लक्षणे दिसतात आणि ती उपचाराने बरी होऊ शकतात. ‘म्हातारचळ’ हा शब्द उच्चारताच या सर्व शक्यतांचे दार बंद होते.

संशोधनाची वाटचाल

लेखन आणि स्मृतिभ्रंश यांचा संबंध या रोगाच्या इतिहासाइतकाच जुना आहे. १९०१ साली फ्रँकफुर्ट येथील मनोरुग्णालयात दाखल झालेल्या ऑगस्ट डेटर या स्त्रीला डॉ. अलोइस अल्झायमर यांनी स्वतःचे नाव लिहावयास सांगितले, तेव्हा तिला ते पूर्ण करता आले नाही. सुरुवात केल्यावर पुढे काय लिहायचे याचा तिला विसर पडला. १९०६ साली तिच्या मृत्यूनंतर मेंदूची तपासणी करून त्यांनी हा विकार वैद्यकीय सभेपुढे मांडला. १९९० च्या दशकात तिची कागदपत्रे पुन्हा सापडली, त्यांत तिच्या हस्ताक्षराचा नमुनाही होता. आजही जगभर वापरल्या जाणाऱ्या, १९७५ साली तयार झालेल्या संक्षिप्त मानसिक चाचणीत ३० पैकी एक गुण ‘एक पूर्ण वाक्य लिहा’ या सूचनेसाठी राखून ठेवलेला आहे.

या विषयाला नवी दिशा मिळाली ती अमेरिकेतील जोगिणींच्या अभ्यासामुळे. डेव्हिड स्नोडन यांनी एका ख्रिस्ती धर्मसंघातील ६७८ जोगिणींचा दीर्घकाळ अभ्यास केला. संघात प्रवेश करताना, सरासरी २२ व्या वर्षी, त्यांच्यापैकी अनेकींनी स्वहस्ते संक्षिप्त आत्मचरित्र लिहून दिले होते. त्यांपैकी ९३ जणींच्या लेखनाचे भाषाशास्त्रज्ञ सुझन केम्पर यांच्या सहकार्याने विश्लेषण करण्यात आले व ते निष्कर्ष १९९६ साली प्रसिद्ध झाले. दर दहा शब्दांमागे किती स्वतंत्र विधाने येतात, याला ‘विचारघनता’ असे म्हणता येईल. तरुणपणीच्या लेखनात ज्यांची विचारघनता कमी होती त्यांची बौद्धिक क्षमता सुमारे ५८ वर्षांनंतर कमी आढळली. आणि मृत्यूनंतर मेंदूची तपासणी झालेल्या १४ जणींपैकी ज्यांची विचारघनता कमी होती त्या सर्वांमध्ये अल्झायमरचे बदल सापडले, तर अधिक विचारघनता असलेल्या एकीतही ते सापडले नाहीत.

विचारघनतेची कल्पना मराठीत पुढील दोन रचनांवरून स्पष्ट होईल. या रचना केवळ स्पष्टीकरणासाठी केलेल्या आहेत. ‘आमचे घर गावात होते. घर मोठे होते. घरात खूप माणसे होती.’ ही पहिली रचना. ‘वेशीजवळच्या आमच्या जुन्या कौलारू घरात आजोबांच्या काळापासून तीन भावांचा संसार एकत्र होता.’ ही दुसरी. दोन्हींतील शब्दसंख्या जवळपास सारखीच आहे; परंतु दुसऱ्या रचनेत घराचे स्थान, त्याचे वय, त्याचा प्रकार, काळाचा प्रारंभ, भावांची संख्या आणि कुटुंबाची स्थिती इतकी माहिती एकत्र गुंफली आहे. अशी गुंफण करताना मेंदूला एक विधान धरून ठेवून दुसरे त्यात बसवावे लागते. ही धारणाशक्ती कमी झाली की वाक्ये सुटी पडू लागतात.

लेखकांच्या ग्रंथांच्या अभ्यासातून दुसरा पुरावा मिळाला. इंग्रजी कादंबरीकार आयरिस मर्डॉक यांच्या १९५४, १९७८ आणि १९९५ सालच्या तीन कादंबऱ्यांची तुलना पीटर गॅरार्ड व सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केली. शेवटची कादंबरी प्रसिद्ध झाल्यानंतर काही काळाने मर्डॉक यांना अल्झायमर झाल्याचे निदान झाले आणि १९९९ साली त्यांच्या निधनानंतर मेंदूच्या तपासणीत ते निश्चित झाले. शेवटच्या कादंबरीतील शब्दवैविध्य घटले होते व सर्वपरिचित शब्दांचा वापर वाढला होता; वाक्यरचना मात्र बव्हंशी टिकून होती. कॅनडातील इयान लँकशायर, ग्रॅम हर्स्ट व सहकाऱ्यांनी २००९ व २०११ साली ॲगाथा ख्रिस्ती यांच्या कादंबऱ्यांचा असाच अभ्यास केला. अखेरच्या कादंबऱ्यांत त्यांचा शब्दसंग्रह आक्रसला आणि ‘वस्तू’, ‘काहीतरी’ अशा अर्थाच्या मोघम शब्दांचे प्रमाण वाढले. ख्रिस्ती यांचे वैद्यकीय निदान कधीच झालेले नसल्याने तेथे निष्कर्ष अनुमानाच्या पातळीवरच राहतो. तुलनेसाठी घेतलेल्या पी. डी. जेम्स या लेखिकेच्या उतारवयातील लेखनात मात्र असा ऱ्हास दिसला नाही.

२०२० साली अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथील दीर्घकालीन आरोग्यपाहणीतील लेखी नमुन्यांचा संगणकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. सहभागी व्यक्तींनी निरोगी असताना एका चित्राचे लेखी वर्णन केले होते. त्यावरून पुढे अल्झायमर होईल की नाही याचा अंदाज ८० व्यक्तींच्या गटात सुमारे ७० टक्के वेळा बरोबर आला. हे लेखन निदानाच्या सरासरी साडेसात वर्षे आधीचे होते. पुनरुक्ती, तारेच्या मजकुरासारखी तुटक वाक्ये आणि शुद्धलेखनाच्या चुका या त्यातील महत्त्वाच्या खुणा होत्या.

प्रकारानुसार भाषिक खुणा

निरनिराळ्या प्रकारांत भाषेचे कोणते अंग आधी बाधित होते, हे लक्षात घेतल्यास प्रकारनिदानाची दिशा कळते. भाषेपासूनच सुरू होणाऱ्या स्मृतिभ्रंशाकडे मार्सेल मेसुलम यांनी १९८२ साली लक्ष वेधले आणि २०११ साली त्याचे तीन उपप्रकार सर्वमान्य झाले. त्यांचा समावेश करून पुढील वर्गीकरण मांडता येते.

१) अल्झायमरचा नेहमीचा प्रकार : आरंभी व्याकरण बव्हंशी टिकते, पण आशय पातळ होतो. नामे कमी होऊन सर्वनामे वाढतात. ‘कापूस वेचायला आलेल्या बायकांची मजुरी मुकादमाने संध्याकाळी चुकती केली’ असे लिहिणारी व्यक्ती ‘त्या आल्या होत्या, मग त्याने ते दिले, मग झाले’ असे लिहू लागते. ‘तो’ म्हणजे कोण आणि ‘ते’ म्हणजे काय, हे वाचणाऱ्याला कळत नाही. एकाच पत्रात तीच बातमी दोनदा येते.

२) अर्थलोपी प्रकार : या प्रकारात शब्दांचा अर्थच पुसला जातो. विशेष शब्द आधी जातात, सामान्य शब्द उरतात. ज्याची हयात शेतीत गेली अशा माणसाच्या लेखनात वखर, डवरा, तिफण यांच्या जागी आधी ‘औजार’ आणि पुढे ‘वस्तू’ येते. वाक्ये अस्खलित असतात, पण पोकळ असतात. इंग्रजीत अशा रुग्णांचे लेखन उच्चारानुसारी होत जाते, म्हणजे अपवादात्मक वर्णलेखन असलेले शब्द चुकतात.

३) व्याकरणलोपी प्रकार : येथे शब्द असतात, पण त्यांना बांधणारे प्रत्यय गळतात. ‘रविवारी मुलगा बाजार गेली. भाजी आण. पैसा नाही.’ अशा लेखनात विभक्तिप्रत्यय, सामान्यरूप आणि लिंगवचनाचा मेळ सुटलेला दिसतो. बोलणेही अडखळत, कष्टाने होते.

४) शब्दशोधी प्रकार : येथे अर्थ माहीत असतो, व्याकरणही बऱ्यापैकी असते, परंतु नेमका शब्द सापडत नाही. लेखनात रिकाम्या जागा, खाडाखोड, अर्धवट सोडलेली वाक्ये आणि ध्वनीची अदलाबदल झालेले शब्द दिसतात. लांब वाक्य ऐकून जसेच्या तसे पुन्हा सांगणे या रुग्णांना जड जाते. याच्या मुळाशी अनेकदा अल्झायमरचेच बदल असतात.

५) वर्तनप्रधान फ्रंटोटेम्पोरल प्रकार : भाषेची घडण शाबूत राहूनही मजकुराचे औचित्य हरपते. एरवी संयमी असलेल्या व्यक्तीच्या पत्रात असभ्य शेरे, अवाजवी व्यवहार किंवा एकाच वाक्प्रचाराची रटाळ आवृत्ती दिसू लागते.

६) लेवी बॉडी व पार्किन्सनसंबंधित प्रकार : येथे शब्दांपेक्षा अक्षरे अधिक बोलतात. ओळीच्या अखेरीस अक्षर बारीक होत जाते, ओळ वाकडी जाते. एक दिवस लेखन नीट, दुसऱ्या दिवशी विस्कळीत, असा चढउतार दिसतो.

७) रक्तवाहिनीजन्य प्रकार : याची एकच ठरावीक भाषिक खूण नाही, मेंदूच्या कोणत्या भागाचा रक्तपुरवठा खंडित झाला यावर ती अवलंबून असते. बदल पायरीपायरीने, कधी एकाएकी होणे ही कालक्रमाची खूण मात्र तारखा टाकलेल्या लेखनातून उत्तम दिसते.

हे प्रकार व्यवहारात मिसळलेले आढळतात, विशेषतः वृद्धांमध्ये. म्हणून वरील वर्गीकरण हे डॉक्टरांच्या तपासणीला दिशा देणारे आहे; ते स्वतः निदान नव्हे.

मराठी लेखन तपासताना

वरील बहुतेक संशोधन इंग्रजीवर आधारलेले आहे. ते मराठीला जसेच्या तसे लावल्यास गफलत होण्याचा संभव आहे. त्याची तीन कारणे नोंदविता येतील.

पहिले कारण प्रत्ययांचे. मराठीत घर, घराला, घरात, घरातून, घरातल्या ही एकाच शब्दाची रूपे आहेत. संगणकाने ती पाच वेगळे शब्द म्हणून मोजली तर शब्दवैविध्य फसवे वाढते. म्हणून मोजणीपूर्वी मूळ शब्द वेगळा काढावा लागतो. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने विकसित केलेले मराठी शब्दजाल यासारखी साधने यासाठी उपयोगी आहेत. शिवाय मजकूर जितका लांब तितके शब्दवैविध्याचे गुणोत्तर आपोआप घटते. त्यामुळे दोन्ही नमुने सारख्या लांबीचेच घ्यावे लागतात.

दुसरे कारण शुद्धलेखनाचे. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम १९६२ साली स्वीकारले गेले आणि १९७२ साली त्यांत चार नियमांची भर पडली. आज पंचाहत्तरी ओलांडलेल्या व्यक्तींनी त्यापूर्वीच बाराखडी गिरवली. त्यांच्या लेखनात ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘घरांत’ असे अनुस्वार येतात ते जुन्या वळणाचे असतात, रोगाचे नसतात. उलट आयुष्यभर असे अनुस्वार कटाक्षाने देणाऱ्या व्यक्तीच्या लेखनातून ते एकाएकी अनियमितपणे गळू लागले, तर ती विचारात घेण्याजोगी बाब ठरते. ह्रस्वदीर्घाच्या चुका तर सुशिक्षित तरुणही करतात. ‘श’ आणि ‘ष’ किंवा तत्सम शब्दांतील वेलांटी ध्वनीवरून ठरत नाही, ती शिकून लक्षात ठेवावी लागते. त्यामुळे अर्थलोपी प्रकारात मराठीतील याच जागा आधी ढासळतील असा तर्क करता येतो. परंतु ती व्यक्ती पूर्वी या जागा बरोबर लिहीत होती हे दाखविता आले तरच त्याला अर्थ आहे.

तिसरे कारण लिपीचे. देवनागरीत स्वरचिन्हे अक्षराच्या वर, खाली, आधी आणि नंतर अशी चहूकडे बसतात. ह्रस्व इकार उच्चारात व्यंजनानंतर येतो, पण लेखनात आधी काढला जातो. त्यामुळे अवकाशाचे भान कमी झाल्यास मात्रा भलत्या अक्षरावर जाणे, शिरोरेषा तुटणे किंवा अक्षरांवर अक्षरे चढणे अशा खुणा संभवतात. त्या शोधण्यासाठी टंकलिखित मजकूर निरुपयोगी ठरतो. मूळ हस्तलिखितच पाहावे लागते.

यवतमाळ जिल्ह्याचा संदर्भ

यवतमाळ जिल्ह्यात प्रमाण मराठीबरोबर वऱ्हाडी बोली, गोंडी, कोलामी, बंजारा समाजाची गोरमाटी, हिंदी, उर्दू आणि तेलंगणाच्या सीमेलगत तेलुगू अशा अनेक भाषा नांदतात. पांढरकवडा, झरी-जामणी भागातील कोलाम वृद्ध किंवा पुसद, दिग्रस भागातील बंजारा वृद्ध मराठीत लिहितो तेव्हा तो बहुधा आपल्या दुसऱ्या भाषेत लिहीत असतो. त्याच्या लेखनात लिंगाचा मेळ चुकला तर तो मातृभाषेचा प्रभाव असू शकतो. त्यास व्याकरणलोप समजणे हा अन्याय होईल. तसेच ‘मले’, ‘तुले’, ‘करून राहिला’ ही वऱ्हाडीची नियमबद्ध रूपे आहेत. पुण्या-मुंबईच्या मजकुरावर शिकविलेला संगणक त्यांना दोष म्हणून मोजण्याचा धोका आहे.

ही बहुभाषिकता अडचण आहे तशीच ती ठेवही आहे. हैदराबाद येथे सुवर्णा अल्लाडी व सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास करून २०१३ साली दाखवून दिले की, एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये लक्षणांचा प्रारंभ सरासरी साडेचार वर्षे उशिरा झाला. निरक्षर व्यक्तींमध्येही हा फरक आढळला. घरात गोरमाटी, बाजारात मराठी आणि कचेरीत हिंदी बोलणाऱ्या वृद्धाची भाषिक संपत्ती त्याच्या लेखनावरून मुळीच मोजता येत नाही, हे यावरून लक्षात यावे.

सर्वांत मोठी मर्यादा साक्षरतेची आहे. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची साक्षरता सुमारे ८३ टक्के होती. परंतु वृद्ध स्त्रियांमध्ये ती यापेक्षा पुष्कळच कमी आहे. ज्या स्त्रीने आयुष्यभर अंगठाच उठवला तिच्यासाठी लेखनाची चाचणी निरर्थक आहे, आणि स्मृतिभ्रंशाचे प्रमाण तर स्त्रियांतच अधिक आहे. या अडचणीवर भारतात पूर्वीच मार्ग काढला गेला आहे. हरियानातील बल्लभगड येथे निरक्षर ग्रामीण वृद्धांसाठी १९९५ साली तयार झालेल्या हिंदी मानसिक चाचणीत लिहिण्यावाचण्याच्या कृतींऐवजी तोंडी कृती योजण्यात आल्या. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या बहुभाषिक चाचणीसंचाच्या पहिल्या टप्प्यात हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या भाषा होत्या. त्या पाचांत मराठी नव्हती. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्याबाबत ओव्या, कहाण्या, लग्नातील गाणी यांचे ध्वनिमुद्रण हाच ‘जुन्या वही’चा पर्याय ठरू शकतो.

अचूकतेचा प्रश्न आणि सामाजिक धोके

सत्तर टक्के अचूकता ऐकावयास मोठी वाटते. तिचा व्यवहारातील अर्थ साध्या हिशेबाने कळतो. शंभर वृद्धांपैकी सात जणांना विकार आहे आणि चाचणी दोन्ही बाजूंनी सत्तर टक्के अचूक आहे असे मानले, तर सातांपैकी सुमारे पाच जण सापडतील. मात्र उरलेल्या ९३ निरोगी व्यक्तींपैकी सुमारे २८ जणांवर चुकीचा शिक्का बसेल. म्हणजे संशयित ठरलेल्या ३३ जणांत खरे रुग्ण पाचच. यास्तव लेखनपरीक्षेचा उपयोग गावोगाव रुग्ण शोधण्यासाठी न करता, ज्यांच्याविषयी घरच्यांना आधीच काळजी वाटते त्यांच्या तपासणीत पूरक पुरावा म्हणूनच करणे युक्त ठरते.

चुकीच्या शिक्क्याचे परिणाम गंभीर आहेत. भारतीय वारसा अधिनियम, १९२५ नुसार मृत्युपत्र करणारी व्यक्ती सुदृढ मनाची असावी लागते. शेतजमिनीच्या वादात ‘बाबांचे अक्षर बिघडले होते’ एवढ्या आधारावर वृद्धाची इच्छा नाकारण्याचा प्रयत्न होऊ शकतो. याउलट, सही जुळत नाही म्हणून बँकेतून परत पाठविलेल्या वृद्धाला कोणी डॉक्टरकडे नेत नाही. सहीऐवजी अंगठा लावण्याची सोय होते आणि धोक्याची पहिली सूचना वाया जाते. मोतीबिंदू, हाताचा कंप, संधिवात यांनीही सही बिघडते. म्हणून एका सहीवरून निष्कर्ष काढणे जितके चुकीचे, तितकेच ती दुर्लक्षिणेही चुकीचे होय. शिवाय कोणाचीही रोजनिशी तिच्या लेखकाच्या संमतीवाचून तपासणे नीतीला धरून नाही.

महाविद्यालयांची भूमिका

या क्षेत्रात वैद्यकीय तज्ज्ञांइतकेच भाषेच्या अध्यापकांचे कार्य महत्त्वाचे आहे. निरोगी वऱ्हाडी वृद्ध कसा लिहितो, हे नोंदविल्याशिवाय रुग्णाचे लेखन कोठे बिघडले हे सांगता येणार नाही. जिल्ह्यातील सोळाही तालुक्यांतून वय, शिक्षण, लिंग आणि मातृभाषा यांची नोंद करून, लेखी संमतीने, साठीपुढील निरोगी व्यक्तींचे हस्तलिखित नमुने जमविणे मराठी विभाग आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकांना शक्य आहे. चित्रवर्णनासाठी परदेशी चाचणीतील स्वयंपाकघर, म्हणजे वाहणारी मोरी आणि बिस्किटांच्या डब्यासाठी स्टुलावर चढलेला मुलगा, हे चित्र वापरण्याऐवजी आठवडी बाजाराचे किंवा कापूसवेचणीचे चित्र योजावे. दरवर्षी त्याच व्यक्तीकडून त्याच पद्धतीने नमुना घेतल्यास काही वर्षांत तुलनेचा भक्कम आधार उभा राहील. गोंडी, कोलामी व गोरमाटीसाठी असेच तोंडी नमुने घेता येतील. विश्लेषणासाठी संगणकशास्त्र विभागाचे आणि तपासणीसाठी १९८९ पासून कार्यरत असलेल्या यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे सहकार्य घेणे उचित ठरेल.

कुटुंबीयांच्या स्तरावर करावयाची गोष्ट साधी आहे. वृद्ध व्यक्तीच्या वागण्यात सहा महिने ते वर्षभरात फरक जाणवला, तर डॉक्टरकडे जाताना तिच्या संमतीने पाच-दहा वर्षांपूर्वीचे आणि आताचे तारखेसह लेखन सोबत न्यावे. निवृत्तिवेतनधारकाच्या वर्षानुवर्षांच्या हयातीच्या दाखल्यांच्या प्रतीही यासाठी उपयोगी पडतात.

निष्कर्ष

१) स्मृतिभ्रंशाचे प्रकार भाषेच्या वेगवेगळ्या अंगांना बाधा आणतात, लेखनातील शब्द, प्रत्यय, वाक्यबंध आणि अक्षर यांच्या स्वतंत्र निरीक्षणाने प्रकारनिदानास दिशा मिळते.

२) इंग्रजीवरील निष्कर्ष मराठीला लावताना प्रत्ययव्यवस्था, १९६२ पूर्वीचे शुद्धलेखन आणि देवनागरीची ठेवण विचारात घेणे अनिवार्य आहे.

३) बोली, दुसरी भाषा आणि अल्पशिक्षण यांच्या खुणांना रोगाच्या खुणा समजणे हा यवतमाळसारख्या जिल्ह्यातील सर्वांत मोठा धोका आहे. तुलना व्यक्तीच्याच पूर्वलेखनाशी केल्यास तो बव्हंशी टळतो.

४) लेखनपरीक्षा हा पूरक पुरावा आहे. रक्ततपासणी, मेंदूचे चित्रण आणि प्रत्यक्ष वैद्यकीय तपासणी यांची जागा ती घेऊ शकत नाही.

समारोप

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या मराठी चित्रपटातील संस्कृत पंडिताची व्यथा प्रेक्षकांना भिडली, कारण ज्याची सारी ओळख शब्दांत होती त्याचे शब्दच त्याला सोडून चालले होते. प्रत्यक्षात हे निघून जाणे एका रात्रीत घडत नाही. ते पत्रांतून, वह्यांतून, सह्यांतून वर्षानुवर्षे उमटत असते. १९७३ आणि २०१९ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे यजमानपद भूषविणाऱ्या यवतमाळात लेखनाविषयी आस्था आहेच. ती आस्था घरातील वृद्धाच्या जुन्या वहीपर्यंत पोहोचली, तर ‘म्हातारचळ’ म्हणून सोडून दिलेल्या काहींचे निदान वेळेत होईल. आणि त्यांपैकी ज्यांचा विकार बरा होण्याजोगा आहे त्यांना आपले शब्द परत मिळण्याची संधी लाभेल.